तांदळाच्या पिशवीत प्लगची कॅप आहे

जांबोटी,
पुनर्वसू नक्षत्र, सकाळचे साडेचार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगत होतीस आणि मला निम्मंच ऐकू येत होतं. तरणा पाऊस लागला की आपल्या इकडची रेंज कशी होते ते तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहूनच देतोय. मुक्कामी बसच्या कंडक्टरजवळ तांदळाची पिशवी दिलीय. वरती आईनं फणसाचे पापड घातलेत, खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्लगची कॅप (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगवरची टोपी), नवा प्लग आणि माझा पाना आहे. आधी पापड संपवशील, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तुझ्या बोलण्यातलं एकच वाक्य मी पक्कं धरलंय. सकाळी वीस-पंचवीस किका मारून गाडी चालू होईना, शेवटी ढकलून चालू केलीस. आणि दुपारी उघडीप पडल्यावर एका किकेत लागली. इंजिनात काही मोडलं असतं तर ते दुपारी आपोआप बरं झालं नसतं. सुकल्यावर जे बरं होतं ते ओलीचं दुखणं.

हे दुखणं मी भोगलंय. दुधाचे कॅन लावून पिरनवाडीपर्यंत जायचो तेव्हा कुसमळीच्या पुढं ही आपली स्प्लेंडर हमखास बंद पडायची. शहरातल्या एका मेस्त्रीनं ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल बदलली, पैसे घेतले, आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा तिथंच. त्या रात्री लाईट गेलेली. गोठ्यात गाडी उभी करून सहज किक मारली, तर काय दिसावं? कॅपच्या बुडातून निळी ठिणगी बाहेर पडून इंजिनावर सरपटत गेली, टक् टक् आवाज करत. कॅपला केसाएवढी चीर होती. उजेडात शंभर वेळा बघूनही ती दिसली नव्हती. म्हैस मान वळवून माझ्याकडं बघत होती.

होतं असं की ठिणगीला प्लगच्या टोकापर्यंत जायला हजारो व्होल्ट लागतात, आणि वीज नेहमी सोपी वाट धरते. कॅपवर चिखलाचा थर आणि त्यावर पाणी, ही तिला सोपी वाट. मग टोकावर ठिणगी पडतच नाही, पेट्रोल पेटत नाही, आणि तू किका मारत बसतेस. त्यात स्प्लेंडरचं इंजिन आडवं, प्लग अगदी पुढच्या चाकाच्या मागं. चाक जे उडवतं ते सगळं त्याच्या तोंडावर. पुढच्या मडगार्डचं खालचं रबर आहे का बघ. नसणारच, गेल्या दिवाळीला मीच तुटलेलं काढून टाकलं होतं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन बोल्टनं बसवून घे. नवा प्लग घालण्यापेक्षा त्यानं जास्त फरक पडेल.

आता कॅप. चावी बंद कर. कॅप धरून जरा पिळत ओढ, वायर धरून ओढू नको. ती निघाली की प्लगच्या भोवतीच्या खाचेत तांबडी माती आणि पाणी साचलेलं असेल, ते फुंकर मारून, फडक्यानं साफ कर आणि मगच प्लग सोड. नाहीतर ती माती सरळ आत जाते. जुनी कॅप उलटी फिरवली की वायरवरून सुटते. वायरचं टोक बघ; तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल तर टोकाचा जेमतेम अर्धा इंच काप, जास्त नको, वायर आखूड पडते. स्वच्छ तांब्यावर नवी कॅप फिरवून घट्ट बसव. नवा प्लग आधी हातानं आटे धरेपर्यंत फिरव, मग पाना लाव. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की खर्च दोघांच्या डोक्यावर.

नुसतं ठिणगीचं बघायचं असेल तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनाला टेकव, प्लगच्या भोकापासून लांब, चावी चालू कर आणि किक मार. हातात कोरडं फडकं असू दे. निळी जाड ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी ठिणगी वाईट.

चोकचं एक सांगायचं राहिलं. थंड गाडीला चोक, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी दांडी, लागतो, पण तो ओढून तू पंचवीस किका मारल्यास म्हणजे प्लग पेट्रोलनं भिजला. पेट्रोलचा वास यायला लागला की चोक बंद, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा, आणि तीन-चार किका. तुझ्या मैत्रिणीची गाडी २०२० नंतरची, फ्युएल इंजेक्शनची आहे, तिला हे दांडीचं झंझट नाही. म्हणून तिचा सल्ला या बाबतीत ऐकू नको.

एवढं करून झालं नाही तर मग पेट्रोलात पाणी. टाकीच्या झाकणाचं रबर जुनं आहे आणि तू गाडी उघड्यावर लावतेस. पाणी जड, टाकीच्या तळाला बसतं, आणि रिझर्व्हला लावलं की तेच आधी कार्बोरेटरमध्ये येतं. हल्ली पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही असेल त्यात, आणि इथेनॉल पाणी पितं. फार झालं की दोघं मिळून तळाला बसतात. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडं काचेच्या बाटलीत काढ. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायला गॅरेजलाच ने. इंजिन गार असताना काढायचं, आणि तुझ्या घरमालकांना सांग, त्या वेळी जवळ बिडी नको.

आणि बळ्ळारी नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं असेल तर गाडी घालू नकोस. घातलीस आणि पाण्यातच बंद पडली तर तिथं सेल्फ मारू नको, किकही नको. ढकलत बाहेर काढ. आत पाणी गेलेलं असेल तर प्लग काढून, चावी बंद ठेवून, हळूहळू किक मारायची, म्हणजे ते भोकातून बाहेर येतं. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर चालू न करता मला कळव.

रोप लावण निम्मी झालीय. खालच्या वाफ्यात पाणी जास्त, आई वैतागलीय.

काढलेला प्लग फेकू नको. त्याच पिशवीत घालून परत पाठव, तोंड काळं आहे की पांढरं ते मला बघायचंय.

तुझा,
बाबा