आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मुलांच्या संगीतोपचारासाठी आधी माणसे नेमा

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

विकासात मागे राहिलेल्या लहान मुलांसाठी संगीत आणि हालचालींचे उपचार सरकारी केंद्रांत सुरू व्हावेत, ही मागणी मीही करते. माझी विनंती एवढीच, की पहिला निधी वाद्ये आणि स्पीकर यांवर खर्च करू नका. तो प्रशिक्षित उपचारकांच्या पगारासाठी ठेवा.

याचे कारण उपचाराच्या खोलीत दिसते. अजून न बोलणारे तीन वर्षांचे मूल ढोलावर एक थाप मारते. उपचारक तशीच थाप देऊन थांबते. मूल वर बघते, पुन्हा थाप मारते, पुन्हा उत्तर येते. आपण काही केले की समोरून प्रतिसाद मिळतो, मग आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, हे त्याला उमगू लागते. संवादाचा पाया इथेच पडतो. ओळखीच्या गाण्यातला शेवटचा शब्द मुद्दाम गाळला, तर तो म्हणायला काही मुले तोंड उघडतात. पण किती वेळ थांबायचे, हे मुलाच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवावे लागते. ध्वनिमुद्रित गाणे कुणासाठी थांबत नाही.

हालचालींचेही तसेच. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाला चालताना एकसारखा ठेका ऐकवला, तर पुढचे पाऊल केव्हा टाकायचे याचा त्याला आधीच अंदाज येतो. मात्र ठेका त्याच्या चालीवरून बांधायचा असतो. घाई केली तर तोल जातो. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाजवळ झांज वाजवली, तर ते कान झाकून घेते आणि पुढच्या वेळी खोलीत यायलाच तयार होत नाही. चुकीच्या हातात हा उपचार मुलाला घाबरवू शकतो, हे कृपया लक्षात घ्या.

पियानोवादक संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष मुलांचे शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स १९५९ पासून मुलांबरोबर अशाच उत्स्फूर्त वादनातून काम करू लागले. मूल जे वाजवेल, गुणगुणेल, अगदी रडेल, त्याला सुरांत साथ द्यायची, ही त्यांची पद्धत.

पुराव्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नव्हता. मात्र वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात, २६ अभ्यास एकत्र पाहिल्यावर, मुलांच्या एकूण सुधारणेत आणि जीवनमानात फायद्याची शक्यता दिसली. म्हणून स्वमग्नता बरी होईल, असे आश्वासन सरकारी जाहिरातीत कधीही देऊ नका. थकलेले आईबाप त्यावर विश्वास ठेवतात. पाळी घेणे, नजर देणे, दोन्ही हात एकत्र वापरणे, असे एखादे छोटे उद्दिष्ट पालकांशी बोलून ठरवावे आणि ठरावीक काळाने ते तपासावे.

ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला संगीतोपचारक म्हणवून घेता येत नाही. असा कायदा आपल्याकडेही करा. स्पीच थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या बरोबरीने संगीतोपचारकांची कायम पदे निर्माण करा. आणि त्यांच्या कामाच्या तासांत पालकांना शिकवण्याचा वेळ धरा, कारण मुलाचा बाकीचा सगळा दिवस घरीच जातो.

आपली,
मुलांसोबत काम करणारी एक संगीतोपचारक