गावची बारव उपसण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात असलेल्या आमच्या गावाच्या पांढरीला लागून एक जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते अशी विहीर, आहे. चारठाण्याच्या किंवा सेलू तालुक्यातील वालूरच्या बारवा पाहण्यास लांबून लोक येतात. आमची तेवढी देखणी नाही, परंतु १९७२ च्या दुष्काळातही तिच्या तळाशी पाणी होते, असे जुनी माणसे सांगतात. आज वरच्या अकरा पायऱ्या तेवढ्या दिसतात. त्याखाली गाळ आणि वेड्या बाभळी आहेत, आणि देवकोष्ठांत मूर्तीच्या जागी गुटख्याच्या पुड्या सापडतात. येत्या पाडव्यानंतर ही बारव उपसण्यास घ्यावी आणि मृग लागण्यापूर्वी काम पुरे करावे, असे ग्रामसभेत ठरले आहे.

मुहूर्त पाडव्यानंतरचा का, हे सांगणे आवश्यक आहे. जलसंधारणाचे काम गावात यापूर्वीही झाले. परंतु नाला कोठे खोल करायचा हे ठरले तेव्हा मार्गशीर्ष चालू होता, आणि गावकुसाबाहेरील दोन्ही वस्त्यांत निम्म्याहून अधिक घरांना कुलपे होती. माणसे उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली होती. ज्यांची शेते नाल्याला लागून होती त्यांच्या विहिरींचे पाणी वाढले. पुढे त्याच पट्ट्यात बोअर पडत गेले, आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत अन्य कारणासाठी विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने मनाई केली होती, याची कोणालाही आठवण झाली नाही. (समितीतील काही जणांनीही तेव्हा बोअर घेतले, हे लपवण्यात अर्थ नाही.) आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो तो मुख्यतः वरच्या मुरमात आणि फटींत, तेवढा साठा खोल बोअरांनी ओढला की आधी आटतात त्या उथळ विहिरी, आणि त्यांच्यावर भिस्त असते ती बोअर घेण्याची ऐपत नसलेल्यांची. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्या दिवसांत, आमचा टँकर गावठाणातील विहिरीत रिकामा होई. वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन पोहोचेपर्यंत पोहऱ्यात गढूळ पाणी येऊ लागलेले असे, आणि रांगेत उभ्या असलेल्या मुलींची सकाळची शाळा बुडे. महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला, राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी आणि तलावांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि आमच्याकडे कोणी कोणाला अडवलेही नव्हते. त्यांची पाळी येईपर्यंत पाणी संपलेले असे, इतकेच.

म्हणून या वेळी सगळे गाव परतल्यावरच फावडे लावायचे आहे. सावड आणि इर्जिक आमच्याकडे अजून मोडलेली नाही; पेरणीला बैलजोडी किंवा ट्रॅक्टर एकमेकांना देणारी माणसे येथे आहेत, आणि शेतकऱ्यांनी ट्रॉल्या व श्रमदान कबूल केले आहे. मात्र ज्यांचे पोट हातावर आहे त्यांच्याकडून श्रमदान मागणे म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी कापणे होय, असे समितीचे स्पष्ट मत आहे. मागच्या वेळी आम्ही ते मागितले, त्यांनी ते दिले, आणि त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही. या वेळी भूमिहीनांना रोजची मजुरी रोख, बाया आणि गडी यांना सारखीच, देण्यात येईल, आणि आपल्याकडून अपेक्षित असलेल्या निधीचा मोठा भाग यासाठीच लागणार आहे. निघालेला गाळ प्रथम गायरान कसणाऱ्यांच्या आणि एकरभरापेक्षा कमी जमीन असलेल्यांच्या रानात पडेल.

पैशांखेरीज डिझेल, गाळ उपसण्याचा पंप, दोर, टोपली-फावडी आणि कळीचा चुना यांची गरज आहे. सिमेंट कृपया पाठवू नये. जुन्या दगडी सांध्यांत ते भरायचे नाही, असे ठरले आहे. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या एखाद्या जाणकाराने चार दिवस येथे मुक्काम केल्यास त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गाव करील. पुण्या-मुंबईत आणि संभाजीनगरात नोकरीस असलेल्या गावकऱ्यांनी जमल्यास एक दिवस प्रत्यक्ष यावे.

निधी समितीच्या बँक खात्यातच जमा करावा. रोख रक्कम द्यायची असल्यास पावती घेतल्याशिवाय देऊ नये. खात्याचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे, आणि जमाखर्च दर शनिवारी त्याच फलकावर व दोन्ही वस्त्यांच्या समाजमंदिरांत लावला जाईल. खर्चाच्या प्रत्येक पावतीवर वस्तीवरील एका महिला सदस्याची सही असेल.

आपली,
गाव पाणी समिती, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी