जाहिरातीतली सैनिक कुटुंब सवलत काउंटरवर नाकारल्याबद्दल तक्रार

सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जाहीर केलेली सवलत नाकारणे, जादा रक्कम घेणे आणि आश्रित ओळखपत्राचा फोटो न विचारता काढणे.

महोदय,

माझे यजमान सैन्यात हवालदार आहेत आणि सध्या फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी आहेत. नेमके कुठे, ते मी इथे लिहिणार नाही. तुमच्या माणसांनीही ते विचारायला नको होतं.

मे महिन्यात सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन मी तुमच्या पाचगणी रस्त्यावरच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहिले. बुकिंग तुमच्याच वेबसाइटवरून केलं होतं. जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांना ४० टक्के सूट, असं तिथे ठळक अक्षरांत होतं आणि खाली अट एकच होती, वैध ओळखपत्र. ९,००० रुपयांची खोली ५,४०० ला मिळाली म्हणून मी लगेच ॲडव्हान्स भरला. कन्फर्मेशनच्या मेलमध्येही हाच दर आहे.

काउंटरवर मी माझं डिपेंडंट कार्ड, म्हणजे सैन्याने दिलेलं आश्रित ओळखपत्र, पुढे केलं. त्यावर माझा फोटो आहे, यजमानांचं नाव, नंबर, रँक आहे. काउंटरवरच्या मुलाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, सर स्वतः पाहिजेत." सर ड्यूटीवर आहेत म्हटल्यावर, व्हिडिओ कॉल लावा. तेही जमणार नाही म्हटल्यावर, मग त्यांचं आयकार्ड आणि पोस्टिंगचं पत्र व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. एवढं बोलता बोलता त्याने माझ्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढलेसुद्धा.

मुलांनी गाडीतच पोहण्याच्या टोप्या चढवल्या होत्या, सासूबाई गुडघे धरून सोफ्यावर बसलेल्या. त्या अवस्थेत परत फिरणं शक्य नाही हे मला कळत होतं आणि समोरच्यालाही. शेवटी फरकाचे ७,२०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी मी भरला. पावतीवर त्याच वेळी 'हरकत नोंदवून' असं लिहून सही केली आहे.

आता मूळ मुद्दा. फौजी घरची बायकामुलं कुठे बाहेर जातात, ती बहुतेक वेळा फौजीशिवायच. यजमान पीस स्टेशनला असतात आणि फॅमिली क्वार्टर मिळतं, तेव्हा आम्हाला तुमच्यासारख्या ठिकाणांची फारशी गरजच पडत नाही. कॅन्टोन्मेंटमध्ये मुलांचं पार्क असतं, पोहण्याचा तलाव असतो, त्यात बायकांची वेगळी वेळ असते, लायब्ररी असते, बडाखान्याला सगळी युनिट एकत्र जेवते. तिथे तलावावर जायला किंवा एमएचमध्ये (लष्करी दवाखान्यात) मुलाला दाखवायला, नवऱ्याला सोबत आणा असं मला कुणी म्हटलेलं नाही. हे डिपेंडंट कार्ड देतात तेच मुळी माणूस जवळ नसतो म्हणून. फील्डची पोस्टिंग लागली आणि आम्हाला क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहतो. इथून पुण्याचं कॅन्टोन्मेंट शंभर किलोमीटरच्या वर. नेमक्या अशाच घरांना तुमची सवलत उपयोगाची, आणि नेमक्या त्यांनाच तुम्ही ती नाकारता.

यजमान सुट्टीवर आले की या, असं तुमच्या मॅनेजरने सुचवलं. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, कागदावर ती भरपूर दिसते. पण रजा कधी मिळायची ते युनिटच्या गरजेवर ठरतं. मिळाली की गावची कौलं, बांधाचं भांडण, भावकीतली लग्नं, सासूबाईंचे गुडघे, सगळं त्याच दिवसांत उरकायचं. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कितीतरी जवान सुट्टी अर्धी टाकून, काही तर लग्नाच्या मांडवातून, परत गेले. असल्या भरवशावर कुणी रिसॉर्टचा ॲडव्हान्स भरतं का? तोही तुमचा, रद्द केल्यास परत न मिळणारा!

आयकार्ड व्हॉट्सॲपवर मागवण्याबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. जवानाच्या ओळखपत्राचा फोटो दाखवून, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात विकतोय असं सांगून लोकांना लुबाडल्याच्या बातम्या अनेक वर्षं येत आहेत. त्या भामट्यांकडे हे फोटो येतात कुठून, याचा विचार हे मागणाऱ्यांनी करावा. आणि पोस्टिंगचं पत्र? ते हॉटेलच्या काउंटरवर दाखवायची चीज नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. तुमच्या लॉबीत सेल्फीसाठी पुठ्ठ्याचा जवान उभा केला आहे. छपाईत फोटो उलटा झालाय, त्यामुळे त्याची पदकं उजव्या छातीवर आली आहेत. हे माझ्या मुलीच्या लक्षात आलं. सैनिक आपली पदकं डावीकडे लावतो. उजवीकडे लावतात ती गेलेल्या माणसाची, त्याच्या घरचे. तो पुतळा तेवढा काढा किंवा नीट छापून घ्या.

माझ्या मागण्या अशा. जादा घेतलेले ७,२०० रुपये आणि त्यावरचा कर माझ्या खात्यात परत जमा करा. माझ्या कार्डाचे फोटो त्या मोबाइलमधून आणि पुढे कुणाला पाठवले असतील तर तिथूनही काढून टाकल्याचं लेखी कळवा. कुटुंबीयांसाठी डिपेंडंट कार्ड पुरेसं आहे असं वेबसाइटवर स्पष्ट लिहा. ते मान्य नसेल तर जाहिरातीतून 'कुटुंबीय' हा शब्द काढून टाका, म्हणजे दुसरी एखादी बाई मुलांना घेऊन घाट चढून येणार नाही. काउंटरवरच्या मुलावर मात्र कारवाई करू नका. त्याला वरून जे सांगितलं तेच तो बोलत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची खोली स्वतःहून मिळवून दिली.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

सोबत सवलतीच्या पानाचा स्क्रीनशॉट, कन्फर्मेशनचा मेल आणि हरकतीची सही असलेली पावती जोडली आहे. कार्डाची प्रत जोडलेली नाही. ती तुमच्याकडे आधीच आहे.

आपली ग्राहक,
एका सेवारत हवालदाराची पत्नी
(बुकिंग क्रमांक जोडलेल्या पावतीवर आहे)