यंत्राआधी खुराडे पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी अंडी उबवण्याची छोटी यंत्रे आता आमच्या शिराळा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरही पोहोचली आहेत. घेणाऱ्याचा सगळा हिशेब मात्र अंड्यातून पिल्लू बाहेर येईपर्यंतचाच असतो. ते पिल्लू रात्री कुठे झोपणार, हा विचार मागाहून होतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी मी चोवीस अंड्यांचे यंत्र मागवले. त्यातून अकरा पिल्ले निघाली आणि महिनाभरातच, आम्ही सगळे भाताच्या लावणीला गेलेलो असताना, भर दुपारी मुंगसाने त्यांतली आठ मारली. खुराडे नव्हते असे नाही. जुन्या लाकडी पेटीला षटकोनी छिद्रांची कोंबडीजाळी ठोकून ते केलेले होते आणि थेट जमिनीवर टेकलेले होते. परत आल्यावर पाहिले, तर पेटीच्या कडेला ओल्या मातीत जेमतेम मूठ जाईल एवढे भोक उकरलेले होते आणि उरलेली तीन पिल्ले पाण्याच्या भांड्यामागे एकमेकांना चिकटून बसली होती.

त्यानंतर बांधलेले खुराडे आजही उभे आहे. दहा-बारा कोंबड्यांसाठी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद जागा पुरते, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोन चौरस फूट येतात. तळ जमिनीपासून दोन फूट उचललेला ठेवला, की पावसाचे पाणी आत येत नाही आणि खालून बीळ करणाऱ्या घुशीला वाव राहत नाही. जाळी अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, वेल्डिंगने जोडलेली, कडक तारेची घ्यावी. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला किंवा रानमांजराला बाहेर ठेवत नाही, हा फरक दुकानदार सांगत नाही. छप्पर पत्र्याचे असेल तर उन्हाळ्यात त्यावर उसाचे पाचट अंथरून वर दगड ठेवावेत. छपराखाली दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची जाळीची पट्टी उघडी सोडावी, कारण विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचा कोंडमारा झाला की कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि श्वासाला त्रास होतो. पावसाच्या भीतीने चारही बाजू ताडपत्रीने गच्च बांधणारे लोक नेमके हेच विसरतात.

बसण्याच्या दांड्याकडे कोणी लक्ष देत नाही. एका कोंबडीला साधारण आठ इंच लांबी लागते, म्हणून सहा फुटांचे दोन दांडे बारा कोंबड्यांना सोयीचे होतात. ते दोन इंच जाडीचे आणि कडा घासून गोल केलेले असावेत. अंडी घालण्याच्या खोक्या दांड्यांपेक्षा खाली असाव्यात, नाहीतर कोंबड्या रात्री खोक्यांतच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली मिळतात. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांब-रुंद अशी एक खोकी पुरे. तळाला दोन-तीन इंच भाताचे तूस घालावे, ते आमच्याकडे गिरणीवर मिळते. ते अधूनमधून खालीवर करावे आणि पावसाळ्यात ओलसर वाटल्यास थोडा चुना मिसळावा.

आता अंड्यांविषयी. आमच्या एका शेजाऱ्यांनी दुकानातून आणलेली पांढरी अंडी एकवीस दिवस यंत्रात ठेवली होती. खाण्याच्या अंड्यांच्या फार्ममध्ये कोंबडाच नसतो, त्यामुळे त्या अंड्यांतून काही निघणारच नव्हते. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा आणि तो दरवर्षी बदलावा, म्हणजे त्याच्याच पिल्लांशी संकर होत नाही. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, ती धुवू नयेत आणि निमुळते टोक खाली करून ठेवावीत.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस लागते; आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवावी. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवावीत, अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नये. वीज गेली की लोक घाबरतात. खरे तर खुडूक कोंबडीही रोज पंधरा-वीस मिनिटे अंडी सोडून चरायला जातेच; तासभर वीज गेल्यास यंत्रावर गोधडी टाकली की भागते. अति उष्णतेने मात्र अंड्यातला जीव लवकर जातो, म्हणून यंत्र उन्हाच्या झोतात किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नये. पिल्लाने टोच मारली की कवच सोलून मदत करण्याचा मोह आवरावा, कारण आतील पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या तोवर सुकलेल्या नसतात. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज तग धरते.

हे सगळे काम गावरान खुडूक कोंबडी फुकटात करते. आमच्या सासूबाई दहा-अकरा अंड्यांवर तिला रवणाला बसवत आणि वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवत. खिळ्याचा उपयोग किती, हे मी सांगू शकत नाही, पण गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एका कोंबडीखालच्या अकरांपैकी नऊ अंड्यांतून पिल्ले निघाली आणि पिल्लांना ऊब देण्यासाठी बल्बही लागला नाही. यंत्रातल्या पिल्लांना तो लागतोच आणि हल्लीचे एलईडी बल्ब उजेड देतात, पुरेशी ऊब देत नाहीत. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावीत, हा साधा मार्ग आहे.

माझी मुख्य विनंती लसीबाबत आहे. राणीखेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो रोग, एकदा शिरला की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे करतो. त्यासाठी पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात लासोटा लसीचा थेंब आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन देतात. परंतु बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्ले असलेल्या बाईने ती घ्यायची कशी? त्यामुळे परसातल्या बहुतेक कोंबड्या लसीविना राहतात. ग्रामपंचायतीने महिन्यातला एक ठरावीक दिवस जाहीर करावा, त्या दिवशी सगळ्या घरांनी आपली पिल्ले डालग्यात घालून एका ठिकाणी आणावीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने एकच बाटली सगळ्यांना पुरवावी, एवढी सोय झाली तरी पुष्कळ आहे. आपल्या वृत्तपत्राच्या तालुका पानावर अशा दिवसांच्या तारखा छापण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक,
ता. शिराळा, जि. सांगली