पुरावा बंद झाला तरी

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज बसला होता. साक्षीदार येईनात म्हणून न्यायाधीश साहेबांनी पुरावा बंद केला, म्हणजे आणखी साक्षी घेणं थांबवलं, आरोपी सुटले, आणि जखमी पोराच्या आईला तू, सरकारी वकील, म्हणालीस, "आता काही होत नाही." बाळा, होतं. 2009 च्या अखेरीपासून पीडिताला स्वतः अपील करता येतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 413 च्या परंतुकात तो हक्क कायम आहे आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. मायलेकांना बोलावून हे नीट सांग. सरकारच्या अपिलाचा प्रस्तावही तू पाठव, पण त्याची वाट बघत त्यांना बसवू नकोस.

तू पहिली-दुसरीत असशील. बडोद्याच्या बेस्ट बेकरीत 1 मार्च 2002 रोजी 14 माणसं मारली गेली. साक्षीदार फितूर झाले, काहींना तपासलंच नाही, आणि जून 2003 मध्ये सगळे 21 आरोपी सुटले. उच्च न्यायालयानं अपील फेटाळलं. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र फेरखटला आपल्या महाराष्ट्रात चालवायला लावला. मुंबईत 2006 मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. त्यातले पाच 2012 मध्ये अपिलात सुटले, चौघांची शिक्षा टिकली. फेरखटला सहसा देत नाहीत, ते योग्यच आहे. आरोपीनं तरी किती वर्षं टांगून राहायचं?

म्हणून अपिलात सगळा भार रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीवर, येतो. समन्स खरंच बजावलं होतं का? वॉरंट मागितलं का? साक्षीदाराचा नवा पत्ता कुणी शोधला?

माझ्या एका खटल्यातला डोळ्यांदेखतचा साक्षीदार ऊसतोडीला गेला होता. समन्स "गावी नाही" असा शेरा घेऊन दोनदा परत आलं. मुकादमाला विचारलं असतं तर कारखान्याचा पत्ता मिळाला असता. मी विचारलं नाही. पुरावा बंदची पुरसिस, म्हणजे कोर्टाला तसं लेखी निवेदन, मीच दिली. मयताचा भाऊ नंतर मला बाजारात दिसायचा, नमस्कार करायचा. तो नमस्कार मला अजून सोसत नाही.

तू रोजनाम्याच्या आणि परत आलेल्या समन्सांच्या नकलांसाठी त्या मायलेकांकडून सोमवारीच अर्ज करून घे.

तुझे,
बाबा