गॅलरी कोसळली ती गर्दीमुळे नव्हे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगो येथे झालेल्या स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड या फुटबॉल सामन्यावरील पानभर लेख कालच्या आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकांची भाषा ओघवती आहे, याबद्दल वाद नाही. या दोन शेजाऱ्यांची १८७२ पासूनची चुरस, आयब्रॉक्सचे तेव्हाचे नवे कोरे मैदान, दोन्ही बाजूंना त्या वर्षी प्रथमच केवळ व्यावसायिक खेळाडू असल्याचे अप्रूप, हे सारे त्यांनी मोठ्या हौसेने रंगवले आहे. मात्र त्याच सामन्यात पश्चिमेकडची गॅलरी कोसळून २५ माणसे प्राणास मुकली आणि पाचशेहून अधिक जखमी झाली, ही गोष्ट लेखाच्या तळाशी दीड वाक्यात उरकण्यात आली आहे. त्या दीड वाक्यातही, प्रेक्षक उत्साहाच्या भरात एकदम पुढे झुकले आणि फळ्यांनी मान टाकली, असा निकाल देऊन लेखक मोकळे झाले आहेत.

हा निकाल वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रेक्षक झुकल्याची कथा लेखकांची स्वतःची नाही, हे मी जाणतो. स्कॉटलंडचा बॉबी टेम्पलटन चेंडू घेऊन बगलेने सुसाट निघाला, त्याची करामत पाहण्यासाठी उभ्या गर्दीने माना लांबवल्या आणि त्या हेलकाव्याने घात केला, असे त्या काळापासून सांगितले जाते. घटकाभर हे खरे धरू. तरी प्रश्न उरतोच, की फुटबॉल पाहणारा माणूस वाकणार नाही तर काय पद्मासन घालून बसणार? आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या तालमींची लढत असते तेव्हा चेंडू कोपऱ्याकडे गेला की अख्खी रांगच्या रांग तिकडे कलते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. गॅलरी बांधायची ती या कलणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, शेजाऱ्याच्या खांद्यावर भार टाकणाऱ्या माणसांसाठीच. स्वस्थ उभ्या असलेल्या पुतळ्यांचा भार पेलण्यासाठी कोणी गॅलरी बांधत नाही. मी सरकारी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून आयुष्य काढले आहे. स्थिर भार आणि चल भार यांतला फरक तिथे नव्याने लागलेल्या पोरालाही पहिल्याच आठवड्यात कळतो.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. ती गॅलरी म्हणजे लोखंडी सांगाड्यावर लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्या, अशी उंच रचना होती. आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. सामना सुरू झाल्यावर मागच्या उंच भागातील लाकूड मोडले, तिथे भगदाड पडले आणि त्यावर उभी असलेली माणसे सुमारे ४० फूट खाली, एकमेकांच्या अंगावर कोसळली. पुढे लाकडाचा पुरवठा आणि बांधणी करणारे कंत्राटदार अलेक्झांडर मॅकडूगल यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. ठरलेल्या तांबड्या पाइनऐवजी त्यांनी हलक्या प्रतीचा पिवळा पाइन वापरला, हा त्या खटल्याचा गाभा होता. ते निर्दोष सुटले. आराखडा करणारे आर्चिबाल्ड लीच यांच्यावर तर खटलाही झाला नाही, आणि पुढे स्टॅमफर्ड ब्रिज, क्रेव्हन कॉटेज, ओल्ड ट्रॅफर्ड अशी एकाहून एक नामांकित मैदाने त्यांच्याच हातून घडली. त्याबद्दल मला असूया नाही. उलट या अपघातानंतर उंच लाकडी सांगाड्यांवर माणसे उभी करण्याची पद्धत मागे पडली आणि मातीच्या भरावावर किंवा काँक्रीटच्या आधारावर पायऱ्या रचण्याकडे कल वाढला, हे चांगलेच झाले. पण कंत्राटदार सुटला, आराखडेकार नावारूपाला आला, आणि सव्वाशे वर्षांनंतर एका मराठी वर्तमानपत्रात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे कोण, तर मेलेले प्रेक्षक! त्यांच्यातर्फे वकीलपत्र घेणारे कोणी नाही, म्हणून ही सोय.

माझा त्रागा काहींना अति वाटेल, म्हणून त्याचे कारण सांगतो. मी शाळकरी असताना आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी मोठ्या स्पर्धा भरत. मैदानाच्या एका अंगाला वासे, बांबू आणि फळ्यांची तात्पुरती गॅलरी उभारली जाई आणि तिचे तिकीट जमिनीवर बसण्याच्या दुप्पट असे. मामांनी हौसेने मला त्या वरच्या तिकिटावर नेले. अंतिम सामना रंगात आला असताना खालून काडकन आवाज झाला आणि आमची रांग बसल्या जागी खचली. मी मामांच्या अंगावर पडलो म्हणून वाचलो. मामांच्या पायाचे हाड मात्र घोट्याच्या वर मोडले, आणि पुढे पाऊस आला की तो पाय ठणके तो अखेरपर्यंत. मोडलेली फळी मी जवळून पाहिली होती. तिच्या मधोमध रुपयाएवढी काळी गाठ होती, गाठीभोवती वाळवीने भुसा केलेला होता, आणि वरून ताजा हिरवा रंग फासून तिला नवी नवरी केलेली होती. खालच्या वाशाला ती दोनच खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि त्यातलाही एक खिळा वाकून नुसता चिकटून राहिला होता.

चौकशी झाली, नाही असे नाही. प्रेक्षकांनी बेशिस्तपणे उभे राहून एका बाजूस भार टाकल्याने दुर्घटना घडली, असा निष्कर्ष निघाला, आणि पुढल्या वर्षी मंडप, गॅलरी आणि लाउडस्पीकर या तिन्हींचे काम त्याच माणसाला मिळाले. मामा बेशिस्त ठरले. हा गृहस्थ इतका शिस्तीचा होता, की एसटीच्या रांगेत पुढचा माणूस सरकल्याशिवाय पिशवीसुद्धा उचलत नसे. गॅलरीत ते उभेही राहिले नव्हते, कारण मागच्या बाईंना दिसणार नाही म्हणून त्यांनी मलाही हाताला धरून खाली बसवले होते. नगरपालिकेच्या त्या कागदावर हे कुठे येणार? कालच्या लेखातील ते दीड वाक्य वाचताना मला तोच कागद दिसला, फरक एवढाच की या वेळी तो चार रंगांत छापलेला होता.

आयब्रॉक्सचे तरी एकदाचे झाले असते तर गोष्ट निराळी. त्याच मैदानात २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्स आणि सेल्टिक या ग्लासगोच्याच दोन संघांचा सामना संपताना बाहेर पडण्याच्या तेराव्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली. त्याही वेळी एक सोयीची कथा पसरली. शेवटच्या क्षणी रेंजर्सने बरोबरीचा गोल केला, तो आवाज ऐकून बाहेर पडलेले लोक उलटे फिरले आणि उतरणाऱ्यांवर आदळले, अशी ती कथा होती. चौकशीत ती टिकली नाही, कारण सगळी गर्दी एकाच दिशेने, म्हणजे खालीच उतरत होती. त्याच जिन्यावर १९६१ मध्येही दोन माणसे मेली होती, त्यामुळे जिना कसा आहे हे मैदानवाल्यांना नव्याने कळायचे नव्हते. पण लोक उलटे फिरले ही कथा आजही सांगणारे सांगतातच. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १९८९ मध्ये लिव्हरपूलचे पाठीराखे चिरडले गेले, त्यांच्यावर तर दारू पिऊन धुडगूस घातल्याचा आळ घेतला गेला, आणि पाठीराख्यांचा त्यात दोष नव्हता हे २०१६ मध्ये मृत्यूंच्या न्यायचौकशीत ठरेपर्यंत त्यांच्या घरच्यांची २७ वर्षे गेली. आपले लेखक क्रीडा-इतिहासाचे जाणकार म्हणवतात, तर १९०२ च्या प्रेक्षकांवर ठपका ठेवण्यापूर्वी एवढे तरी त्यांच्या नजरेखालून जायला हवे होते.

आणखी एक मुद्दा आकड्यांचा आहे. लेखासोबतच्या चौकटीत हा सामना १-१ असा बरोबरीत सुटल्याची नोंद आहे. त्या दिवशी मैदानावरचा गुणफलक तसा होता, हे खरे. गॅलरी कोसळल्यावर खेळ थांबवण्यात आला आणि वीसेक मिनिटांनी, एका टोकाला जखमींना बाहेर काढण्याचे काम चालू असताना, पुन्हा सुरू करण्यात आला. सामना रद्द झाल्याचे कळले तर उरलेल्या हजारो लोकांत गोंधळ माजेल, अशी भीती त्यामागे होती. ते योग्य की अयोग्य, याबद्दल मी घरी बसून निवाडा देणार नाही, जरी त्या दुसऱ्या अर्ध्या सामन्यात खेळाडूंचे पाय कसे उचलले असतील, हा प्रश्न मला पडतो. पण पुढे हा निकाल अधिकृत धरला गेला नाही. ३ मे १९०२ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सामना पुन्हा खेळवण्यात आला, तो २-२ असा सुटला आणि त्याचे उत्पन्न आपद्ग्रस्तांच्या निधीला देण्यात आले. त्या मोसमातील चार ब्रिटिश संघांच्या स्पर्धेत स्कॉटलंड अव्वल ठरला तो ही दुसरी बरोबरी धरून. आपल्या चौकटीत व्हिला पार्कचे नावच नाही. माणसे विसरली तर विसरली, निदान सामना तरी विसरू नये!

जाता जाता, त्या पानावरील छायाचित्राविषयी. १९०२ च्या सामन्यावरील लेखाला आपण जे छायाचित्र जोडले आहे, त्यात विजेचे प्रकाशझोत आहेत, प्लास्टिकच्या निळ्या खुर्च्या आहेत आणि एका प्रेक्षकाच्या हातात मोबाइल आहे. खाली ओळ मात्र ‘आयब्रॉक्सवरील ऐतिहासिक लढतीचा एक क्षण’ अशी. संग्रहित छायाचित्र असे दोन शब्द छापायला किती शाई लागते?

माझी विनंती साधी आहे. येत्या रविवारी, लेख जिथे छापला त्याच पानावर आणि वाचता येईल अशा टायपात, मृतांचा आकडा, लाकडाच्या प्रतीवरून झालेला खटला आणि फेरसामन्याचा निकाल, एवढे छापावे. दुरुस्ती म्हणून आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या मध्ये, मुंगीच्या अक्षरांत चार ओळी टाकल्यात तर ती मी दुरुस्ती समजणार नाही. लेखकांनी त्यावर उत्तर दिले तर मी ते आनंदाने वाचीन. त्यांच्या शैलीचा मी आजही चाहता आहे.

मागे पाणीपट्टीवरचे माझे पत्र छापताना आपण त्यातला पाणीपट्टीचाच परिच्छेद वगळला होता आणि माझे आभार मात्र शाबूत ठेवले होते. हे पत्रही लांबले आहे, याची मला कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावायचीच असेल, तर आमच्या मामांना वगळावे. त्यांना वगळले जाण्याची सवय होती. मॅकडूगलच्या खटल्याला मात्र हात लावू नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शाखा अभियंता,
कोल्हापूर