'गमतीदार' शब्दांच्या चौकटीत न मावणारं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला यॉर्कशायरच्या इंग्रजी बोलीवरचा लेख आणि सोबतची 'गमतीदार शब्द' ही चौकट वाचली. मी अकोल्याचा. निवृत्तीनंतर वर्षातले पाच-सहा महिने मुलीकडे यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डला असतो. त्या चौकटीतले दोन-तीन शब्द तिथे रोज कानावर पडतात, आणि ते ऐकून कोणी हसत नाही.

चौकटीत 'लेक' म्हणजे खेळणे, एवढंच दिलंय. (यावरून आमच्या लेकीची घरात किती थट्टा होते ते सोडा.) शब्द व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला. आमचे शेजारी ऐंशी ओलांडलेले, लोकरीच्या गिरणीत जन्म गेलेला. ते एकदा म्हणाले, "वडील 'लेकिंग' असले की आई उधारीवर सामान आणायची." मला वाटलं, वडील पत्त्यांत पैसे उडवत असतील. तसं नव्हतं. गिरणीत काम नसलं की कामगार घरी बसायचा, मजुरी बुडायची. त्यालाही 'लेकिंग'च म्हणायचे. आपल्या चौकटीत यातलं काय उरलं?

दुसरी गोष्ट, नोंदणारा नेहमी विचित्र दिसणारा शब्दच टिपतो. पण बोली साध्या शब्दांतही लपलेली असते. 'व्हाइल' हा शब्द शाळकरी पोरालाही येतो. इथले जुने लोक तो 'पर्यंत' या अर्थी वापरतात. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. नुसत्या शब्दांच्या यादीत हा सापडणारच नाही, कारण तो कोणाला वेगळा वाटत नाही. आमच्या वऱ्हाडीचंही तेच. 'तो येऊन राहिला' यातला एकही शब्द पुण्याच्या माणसाला अनोळखी नाही, तरी वाक्य ऐकताच तो विचारतो, "तुम्ही नागपूरकडचे का?"

ब्रॅडफर्डजवळच्याच थॅकलीत 1855 साली जन्मलेल्या जोसेफ राइट यांना हे पक्कं कळलं होतं. लहानपणी खाणीवर गाढवं हाकली, मग गिरणीत राबले. पंधरा वर्षांचे होईतो लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले आणि 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. त्यात शब्द कुठल्या परगण्यातला हे लिहिलंय आणि तो वापरलेली वाक्यंही दिलीत. शब्दाबरोबर त्याचा संसारही आला.

नंतर लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी 1950 ते 1961 मध्ये 313 ठिकाणी बोलींची पाहणी करवली. प्रश्न तेराशेच्या घरात, आणि अट अशी की विचारणाऱ्याने अपेक्षित शब्द स्वतः उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, नक्कल करायची, वर्णन सांगायचं आणि थांबायचं. पाहणी करणाऱ्यांपैकी स्टॅन्ली एलिस हे तर कॅरव्हॅन (राहायची फिरती गाडी) घेऊन गावोगाव राहिले. आवाजही टेपवर घेतले, ते फार बरं झालं. यॉर्कशायरी माणूस 'दार लाव' याला 'लाकूड भोकात घाल' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. त्यात इंग्रजी 'द' (the) या शब्दाच्या जागी घशात नुसता अडखळा येतो. तो मला तरी कागदावर लिहून दाखवता येत नाही.

पण या पाहणीत एक उणीव राहिली. बोलणारे बहुतेक खेड्यातले म्हातारे पुरुष. घरकामावरचे प्रश्न होते, उत्तरं मात्र बरीचशी पुरुषांची. आमच्या शेजाऱ्यांना नांगराच्या भागांची नावं त्यांच्या आजोबांकडून पाठ आहेत. चहा मात्र त्यांनी कधी केलेला नाही. त्यांची बायको चहा 'मॅश' करते, म्हणजे मुरवत ठेवते, आणि साध्या पावाला 'टीकेक' म्हणते. त्यात मनुका घातल्या तरच 'करंट टीकेक'. हे मला तिच्या ओट्यापाशी उभं राहून कळलं. नवरा म्हणाला, "ही असलं काही बोलते हे मला ठाऊकच नव्हतं."

पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा शब्दामागे एक वाक्य द्या, आणि ते कोणी, कुठल्या गावी, काय करताना म्हटलं तेही. वाचकांकडून वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी शब्द मागवलेत तरी हेच विचारा. आणि 'गमतीदार' हे विशेषण तेवढं काढा.

आपला,
एक वाचक, अकोला (सध्या ब्रॅडफर्ड)